मार्ता शेबेश्त्येन कशी ऐकावी : हंगेरियन लोकगीत नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

‘द इंग्लिश पेशंट’ हा १९९६चा सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी मार्ता शेबेश्त्येनचा आवाज ऐकलेला आहे, मग तिचं नाव ठाऊक असो वा नसो. सुरुवातीची नावं पडद्यावर येत असतात, एक कुंचला कागदावर सावकाश पोहणाऱ्या माणसाची आकृती काढत असतो आणि एक बाई अनोळखी भाषेत गात असते. आवाज गोड नाही, पण थेट आहे. सिनेमाचा नायक हंगेरियन, म्हणून गाणं हंगेरियन. त्या सिनेमाला नऊ ऑस्कर मिळाली आणि जगभरच्या लाखो लोकांच्या कानावर ट्रान्सिल्व्हेनियाचं, म्हणजे पूर्वी हंगेरीत आणि आज रोमानियात असलेल्या प्रदेशाचं, एक लोकगीत पडलं. बहुतेकांचं ऐकणं मात्र तिथेच थांबलं.

ज्यांना तो आवाज आवडला पण पुढे काय ऐकायचं ते कळलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हंगेरियन भाषा यायला हवी असं अजिबात नाही. थोडा निवांत वेळ हवा आणि बरे हेडफोन हवेत. मार्ताची कारकीर्द उलट्या दिशेने ऐकावी, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे प्रसिद्ध गाण्यापासून सुरुवात करून तिच्या साथीदारांकडे, तिथून ज्या खेड्यांतून गाणी आली त्या खेड्यांकडे. तिने आयुष्यभर रसिकांना हीच वाट दाखवली आहे. ती मधेच सोडली तर हाती फक्त एक सुंदर आवाज राहतो.

आधी एकच गाणं

‘सेरेलेम, सेरेलेम’ या गाण्यापासून सुरुवात करा. ‘सेरेलेम’ म्हणजे प्रेम. गाण्याचा भावार्थ असा : प्रेमा, तू शापित यातना आहेस, पण मग प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर का नाही फुललास? फुलला असतास तर प्रत्येक मुलीला, प्रत्येक मुलाला तुला खुडता आलं असतं.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अर्थ विसरा आणि ओळीचा आकार पाहा. ओळ वरून सुरू होते आणि हळूहळू खाली उतरते. दुसऱ्यांदा ऐकताना लयीकडे लक्ष द्या. ताल नाही, पण लय सैलही नाही. शब्द बोलताना जसा वेळ घेतील तसा घेतात, ओळीच्या शेवटचा सूर लांबतो. तिसऱ्यांदा नुसत्या हरकती ऐका. मार्ता सुरावर थेट उतरत नाही, शेजारच्या सुराला निसटता स्पर्श करून येते. हे छोटे खटके इतके जलद असतात की पहिल्या ऐकण्यात ते आवाजाचा खरखरीतपणा वाटतात. तो खरखरीतपणा नव्हे, तालमीने आलेली गोष्ट आहे. आवाजाला कंप जवळजवळ नाही, गळा मोकळा, स्वर सरळ.

अशा संथ, दुःखाच्या गाण्यांना तिकडे ‘केशेर्वेश’ म्हणतात. परागंदा होणं, तुरुंग, अनाथपण, न जमलेलं लग्न असे त्यांचे विषय. हा प्रकार एकदा कानात बसला की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे घाई करू नका.

उच्चार आणि शोध

हंगेरीत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे तिकडच्या संग्रहांत ती ‘शेबेश्त्येन मार्ता’ म्हणून सापडेल. इंटरनेटवर दोन्ही क्रमांनी शोधा. त्यांच्या लिपीत एकट्या ‘एस’ अक्षराचा उच्चार ‘श’ होतो आणि ‘एस-झेड’ जोडीचा ‘स’. म्हणून तिच्या संचाचं नाव ‘मुझिकास’ नसून ‘मुझिकाश’ आहे.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्याच्या खरोखर उपयोगाची. हंगेरियनमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. त्यामुळे त्यांच्या लोकगीतांत ओळ समेवरच सुरू होते. समेआधी एखादं अक्षर टाकून मग समेवर येण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. तालातली गाणी ऐकताना ओळीच्या पहिल्याच अक्षरावर हात मारा, बरोबर बसेल.

तान्त्सहाज म्हणजे काय, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

मार्ताचा जन्म १९५७चा, बुडापेस्टचा. आई संगीतशिक्षिका आणि झोल्तान कोदाय यांची विद्यार्थिनी. कोदाय आणि बेला बार्तोक या दोन संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडून मेणाच्या नळकांड्यांवर लोकगीतं टिपली होती. त्याआधी शहरी हंगेरियनांना ‘आपलं संगीत’ म्हणून जे ठाऊक होतं, ते मुख्यतः कॅफेंतल्या जिप्सी वाद्यवृंदांनी वाजवलेलं, एकोणिसाव्या शतकात रचलेलं संगीत होतं. १९०४मध्ये बार्तोकने ट्रान्सिल्व्हेनियाहून आलेल्या लिदी दोशा या मोलकरणीला गाताना ऐकलं आणि आपल्याच देशात आपल्याला न ऐकू आलेलं काहीतरी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

पण बार्तोक-कोदाय यांच्या कामातून गाणी मुख्यतः वह्यांत, शाळांत आणि समूहगायनात पोचली. ज्या घरात, ज्या नाचात ती गायली जात होती, तिथे ती शहरातल्या तरुणांना भेटली १९७०च्या दशकात. ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात, सेक नावाचं गाव आहे. तिथली अविवाहित मुलं-मुली एखादं घर भाड्याने घेत, वादकांना पैसे देत आणि रात्री उशिरापर्यंत नाचत. या घराला आणि या प्रसंगालाही ‘तान्त्सहाज’ म्हणत, म्हणजे नाचाचं घर. ६ मे १९७२ रोजी बुडापेस्टच्या लिस्त फेरेन्त्स चौकातल्या पुस्तक-क्लबात याच पद्धतीने पहिलं शहरी तान्त्सहाज भरलं. फेरेन्त्स शेबो आणि बेला हॉल्मोश वाजवत होते. नृत्यसंशोधक द्यॉर्द्य मॉर्तिन आणि नृत्यदिग्दर्शक शांदोर तीमार यांचा या चळवळीमागे मोठा हात होता. सुरुवातीला हे नर्तक-संचांपुरतं होतं, मग सर्वांसाठी खुलं झालं.

यात रंगमंच नव्हता. बसून बघायचं नव्हतं, नाचायचं होतं. शिकायचं ते म्हाताऱ्या वादकांकडून आणि गाणाऱ्या बायकांकडून, त्यांच्या घरी जाऊन. त्या वेळी रोमानियात चाउशेस्कूची राजवट होती आणि तिथल्या हंगेरियन अल्पसंख्याकांकडे हंगेरीतून टेपरेकॉर्डर घेऊन जाणं धोक्याचं होतं. हंगेरीतही सरकार संस्कृतीची विभागणी तीन खणांत करत असे : पाठिंबा दिलेलं, चालवून घेतलेलं आणि बंदी घातलेलं. तान्त्सहाज बराच काळ मधल्या खणात राहिलं. हे माहीत असलं की मुझिकाशने तुरुंगातल्या कैद्यांची जुनी गाणी निवडली तेव्हा श्रोत्यांना त्यात काय ऐकू आलं असेल, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मार्ता याच पिढीची. विशीच्या आत शेबोच्या संचासोबत गाऊ लागली आणि १९८०च्या सुमारास मुझिकाशची गायिका झाली. २०११मध्ये युनेस्कोने तान्त्सहाज पद्धतीची नोंद वारसा जपण्याच्या उत्तम पद्धतींच्या यादीत केली.

मुझिकाशच्या ध्वनिमुद्रिका कोणत्या क्रमाने

१९७३मध्ये सुरू झालेला हा संच. व्हायोलिनवर मिहाय शिपोश, काँत्रा आणि इतर वाद्यांवर पेतेर एरी, मोठ्या बासवर दानियेल हामार (हा पेशाने भूभौतिकशास्त्रज्ञ), आणि सुरुवातीच्या काळात शांदोर चोओरी. ऐकण्याआधी दोन वाद्यं ओळखून घ्या, कारण तीच नवख्या कानाला चकवतात.

पहिलं काँत्रा. दिसायला व्हायोला, पण तारा तीनच आणि घोडी सपाट. नेहमीच्या व्हायोलाची घोडी कमानदार असते, म्हणून गज एका वेळी एक-दोन तारांनाच लागतो. इथे तो तिन्ही तारांवर एकदम फिरतो आणि सलग स्वरसमूह उमटतो. वादक ते छातीशी आडवं धरतो आणि गजाने जोर कमी-जास्त करत नाचाची लय ढकलत राहतो. व्हायोलिन चाल वाजवतं, पण पाय हलतात ते काँत्रामुळे.

दुसरं गार्दोन. हे द्यिमेश खोऱ्यातलं. आकार ओबडधोबड सेलोसारखा, पण वाजवायला गज नाही. उजव्या हातातल्या काठीने तारांवर प्रहार करतात आणि डाव्या हाताने तार ओढून सोडतात, ती पट्टीवर फटकन आपटते. म्हणजे हा तारांचा ढोलच. द्यिमेशमध्ये नवरा व्हायोलिन वाजवतो आणि बायको गार्दोन, अशा जोड्या फार.

आता क्रम. सुरुवात ‘द प्रिझनर्स साँग’ने करा. हंगेरीत ती १९८६मध्ये निघाली आणि नंतर जो बॉइडच्या हॅनिबल या ध्वनिमुद्रिका कंपनीने बाहेरच्या जगात आणली. मार्ता आणि संच एकमेकांना किती ओळखतात, हे इथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतं. मग ‘ब्लूज फॉर ट्रान्सिल्व्हेनिया’ (१९९०). दोन्हींत एक गोष्ट पाहा : संथ गाणं संपतं तिथे वादक थांबत नाहीत, चार्दाश हा जोडीचा नाच सुरू होतो आणि मग त्याहून जलद नाच. ट्रान्सिल्व्हेनियात नाचांचा असाच ठरलेला क्रम असतो, जोडी शेवटपर्यंत एकत्र राहते. म्हणून गाणी सुटी करून, अधलीमधली वगळून ऐकू नका.

तिसरी ‘मारामारोश’ (१९९३), आणि हिच्यावर जरा थांबायला हवं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यू समाजाची लग्नं वाजवायला अनेकदा जिप्सी वादक बोलावले जात. दुसऱ्या महायुद्धात हा समाज जवळजवळ पूर्ण मारला गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचे संगीतकारही. चाली उरल्या त्या जिप्सी वादकांच्या आठवणीत आणि झोल्तान शिमोन या संगीत-अभ्यासकाने टिपून ठेवलेल्या कागदांवर. मुझिकाशने घ्योर्घे कोवाच हा व्हायोलिनवादक आणि आर्पाद तोनी हा सिम्बालोमवादक (सिम्बालोम म्हणजे संतूरसारखं वाद्य), असे दोन वृद्ध जिप्सी कलावंत शोधले, त्यांच्याबरोबर वाजवलं आणि ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात मार्ताने गायलेलं ‘सोल ऑ कॉकॉश मार’, म्हणजे ‘कोंबडा आरवतो आहे’, हे गाणं आहे. नॉद्यकाल्लोच्या एका रब्बीने ते एका गुराख्याकडून ऐकलं, पैसे देऊन विकत घेतलं आणि त्या क्षणी गुराखी ते गाणं विसरला, अशी हंगेरियन ज्यूंमध्ये आख्यायिका आहे. हंगेरियन ओळींच्या मध्ये हिब्रू शब्द येतात, जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभं राहील अशा अर्थाचे. मार्ता हे अत्यंत साधेपणाने गाते, एकही जागा जास्त घेत नाही. तिचं एकच गाणं ठेवायचं म्हटलं तर मी हे ठेवीन, सिनेमातलं नव्हे.

चौथी ‘द बार्तोक आल्बम’ (१९९९). तिच्यात बार्तोकच्या काळातली खरखरणारी फोनोग्राफ मुद्रणं आहेत, खेड्याच्या शैलीत वाजवलेल्या चाली आहेत आणि त्यांवरून बार्तोकने दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेल्या रचना आहेत. त्या शिपोशबरोबर व्हायोलिनवादक अलेक्झांडर बालानेस्कू यांनी वाजवल्या आहेत. पाश्चात्त्य अभिजात संगीत ‘आपल्याला कळत नाही’ असं म्हणणाऱ्या मित्राला हीच द्या. चाल कुठून आली हे आधी कानावर पडलेलं असतं, मग बार्तोक अवघड वाटत नाही.

पेटी किंवा तानपुरा घेऊन बसा

हा भाग आपल्याकडच्या श्रोत्याला विशेष सोपा आहे, म्हणून वगळू नका. तानपुऱ्याचं ॲप असेल तरी चालेल.

गाणं ज्या सुरावर संपतं तो ‘सा’ धरा. बार्तोक आणि कोदाय यांनीही हजारो चाली एकमेकींशी ताडून पाहण्यासाठी सगळ्या एकाच शेवटच्या सुरावर आणून लिहिल्या होत्या. आता जुन्या शैलीचं एखादं गाणं घ्या आणि त्यातले मुख्य सूर पेटीवर शोधा. बहुतेकदा सापडतील ते सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपल्या धानीचे सूर. गाणं धानी नसतं, चलन पूर्ण वेगळं, पण कानाला धरायला आधार मिळतो. रिषभ आणि धैवत कधी कधी येतात, मुख्यतः जाता जाता.

मग चार ओळी लिहून काढा आणि प्रत्येक ओळ कोणत्या सुरावर थांबते ते नोंदवा. जुन्या गाण्यांच्या एका मोठ्या गटात पहिल्या दोन ओळींची चाल पुढच्या दोन ओळींत पाच सूर खाली तशीच येते. कोदाय यांनी १९३९मध्ये ज्या मोराच्या गाण्यावर आपल्या प्रसिद्ध वाद्यवृंद-रचना बांधल्या, ते गाणं याच घडणीचं. नव्या शैलीच्या गाण्यांत उलट असतं : पहिली ओळ शेवटी परत येते, चाल मध्ये वर चढते आणि ताल पक्का असतो. एकाच बैठकीत एक जुनं आणि एक नवं गाणं ऐकलंत तर हा फरक पुन्हा समजावून घ्यावा लागणार नाही.

आता खेड्यातल्या बायका ऐका

बरेच जण इथवर येऊन थांबतात, आणि नेमकं इथेच थांबू नये. मार्ताची गाणी तिने रचलेली नाहीत. ती कुणाकडून तरी शिकलेली आहेत, आणि त्या ‘कुणाची’ मुद्रणं उपलब्ध आहेत. बुडापेस्टच्या हॉद्योमान्योक हाझॉ, म्हणजे परंपरा भवन या २००१मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा लोकसंगीताचा संग्रह इंटरनेटवर खुला आहे. त्यात गाव, वाद्य आणि गायक यांवरून शोधता येतं. १९३०च्या दशकात बार्तोक, कोदाय आणि लास्लो लॉइतॉ यांच्या देखरेखीखाली ‘पात्रिऑ’ नावाच्या तबकड्या मुद्रित झाल्या, त्याही ऐकायला मिळतात. झोल्तान काल्लोश (१९२६–२०१८) या ट्रान्सिल्व्हेनियाच्या संग्राहकाने मेझोशेग, द्यिमेश आणि मोल्दव्हा भागांतून आयुष्यभर जमवलेली गाणी तर या साऱ्या पिढीची शिदोरीच होती.

एक प्रदेश निवडा. मला विचाराल तर मेझोशेग, कारण मार्ताचे बरेच सूर तिथले. आणखी पूर्वेची, मोल्दव्हातल्या चांगो लोकांची गाणी सर्वांत जुन्या वळणाची, साथीला बासरी आणि कोबोझ हे छोटं तंतुवाद्य. ती नंतर घ्या.

पहिल्यांदा ऐकताना हे गाणं रुचणं कठीण जाईल. आवाज म्हातारे, श्वास अपुरा, कुठे मागे कोंबडी, कुठे दाराचा आवाज. जात्यावरची ओवी जशी श्रोत्यासाठी नसते, तशीच यांतली कित्येक गाणी सूत कातताना किंवा एकटीने काम करताना गायलेली आहेत. एक प्रयोग करा. तेच गाणं आधी गावातल्या बाईचं ऐका, लगेच मार्ताचं. मार्ताने काय घेतलं (खटके, ओळीच्या शेवटचा सूर, उच्चाराचं गावठी वळण) आणि काय सोडलं, ते कागदावर लिहा. तिच्या गाण्यात सजावट किती आणि संयम किती, हे या एका प्रयोगातून जितकं कळतं, तितकं कुठल्याही परीक्षणातून कळत नाही.

डीप फॉरेस्ट आणि बाकीचं

१९९५मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने ‘बोहेम’ या आल्बममध्ये तिचा आवाज इलेक्ट्रॉनिक संगीतात गुंफला. ‘मार्ताज साँग’ जगभर वाजलं, आल्बमला १९९६मध्ये ग्रॅमी मिळालं. ऐकायला हरकत नाही, पण सुरुवात तिथून करू नका. तिथे आवाज रंगासारखा वापरला आहे, गाण्याचा आकार हरवतो. १९९६चा ‘किस्मेट’ हा तिचा स्वतंत्र आल्बम जास्त मोलाचा, त्यात ती बल्गेरियन, आयरिश आणि इतर परंपरांकडे जाते. हंगेरीतल्या सर्ब-क्रोएट संगीतासाठी वाहिलेल्या वुयिचिच संचाबरोबरची गाणीही शोधा. पुढे बालाझ सोकोलॉइ दोंगो आणि मात्याश बोयॉ यांच्याबरोबरच्या २००८च्या आल्बममध्ये पावा, कोबोझ आणि भक्तिगीतं आहेत. आवाज तिथे अधिक खोल झालेला आहे. तिला १९९९मध्ये हंगेरीचा कोशूत पुरस्कार मिळाला, २०१०मध्ये युनेस्कोने तिला शांततेसाठी कलावंत म्हणून निवडलं.

बुडापेस्टला जाणार असाल तर

बुदा बाजूचं ‘फोनो’ हे संगीतगृह आणि परंपरा भवन, या दोन ठिकाणांचं वेळापत्रक आधी पाहा. १९८२पासून दर वर्षी वसंतात राष्ट्रीय तान्त्सहाज संमेलन भरतं. ते जमलं तर दोनच दिवसांत निरनिराळ्या प्रदेशांचे वादक समोरासमोर ऐकता येतात.

तान्त्सहाजला सुरुवातीलाच पोचा. बहुतेक ठिकाणी पहिला तासभर नाच शिकवतात आणि परक्यांना सामावून घेतात. बूट गुळगुळीत तळाचे घाला, रबरी तळ गिरकी घेऊ देत नाही. गाणं शिकवण्याचं सत्र असेल तर नक्की थांबा. शिकवणारी एक ओळ गाते, सगळे म्हणतात, कागद क्वचितच असतो. ओळ वरच्या सुरावर सुरू होईल हे लक्षात ठेवून आपली पट्टी आधीच खाली धरा, नाहीतर दुसऱ्या कडव्यात गळा बसतो. मोबाइलवर मुद्रण करायचं असेल तर विचारून करा, सहसा हो म्हणतात. आणि शिकवणारीला तिने ते गाणं कुठल्या गावातून, कुणाकडून घेतलं ते विचारा. ती ते नाव सांगेल, आणि परत आल्यावर संग्रहात तेच नाव शोधायचं.